उलटं करायचं राहून गेलं

त्याला सगळे टेस्टरकाका म्हणत. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पिवळ्या मुठीचा टेस्टर, आणि तो टेस्टर घातलेला नसेल असा शर्ट त्याच्या कपाटातच नव्हता. लग्नकार्यालाही तो खिशात टेस्टर घालून जाई. बायको म्हणायची, "अहो, आज तरी काढा तो." त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं: "अगं, ऐन वेळी दिवे गेले तर नवऱ्या मुलाला हार अंधारात घालायला लावू का?"

शाळेत त्याचं आणि गणिताचं कधी जमलं नाही. अपूर्णांक आले आणि त्याने दप्तर खुंटीला टांगलं ते कायमचं. पण हात मात्र देवाने सोन्याचे दिले होते. एका कंत्राटदाराच्या हाताखाली भिंती खोदता खोदता तो वायरमन झाला आणि वायरमनच्या परीक्षेला बसला. प्रात्यक्षिकात पहिला आला. लेखी पेपर मात्र पाठांतरावर काढला. मित्राने सूत्रं गाण्यासारखी म्हणून घेतली होती, तीच त्याने पेपरात उतरवली. त्यांचा अर्थ काय हे त्याला कोणी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायला जाण्याइतका तो खुळा नव्हता.

आता तो एका मोठ्या धुलाई कारखान्यात होता. हॉटेलं आणि इस्पितळं यांच्या चादरींचे ढीग तिथे यायचे. पाणी तापवणारे हीटर, पिळून काढणारी यंत्रं, इस्त्रीचे लांबलचक रूळ, सगळ्यांची वीज त्याच्या ताब्यात. कुठलं यंत्र रुसलं की बायका कामगार हाक मारत, "काका, तुमची लाडकी बसली बघा!" आणि हा पेटी उघडून दोन मिनिटांत तिला उठवी. असं कौतुक रोजच्या रोज मिळालं की माणूस थोडा फुगतोच. टेस्टरकाका थोडा नाही, चांगलाच फुगला होता. कुठल्याही विषयावर तो शेवटचा शब्द आपला ठेवी, आणि विषय विजेचा असेल तर पहिलाही.

त्याची एकुलती एक मुलगी नववीत होती. घरात तिला मनी म्हणत, कारण ती लहानपणापासून मांजरीच्या पावलांनी यायची, कोपऱ्यात बसायची आणि सगळं बघत राहायची. बोलणं कमी. बापाच्या वाट्याचं आणि आईच्या वाट्याचं बोलून झाल्यावर घरात तिच्यासाठी काही उरतही नसे.

एका संध्याकाळी मनी जेवणाच्या टेबलावर वही पसरून बसली होती. काकाने वाकून पाहिलं तर वहीत विजेच्या वाटांच्या आकृत्या. त्याची कळी खुलली.

"अरे वा! हे तर आपल्या घरचं दुकान. काय अडलंय?"

"अडलं नाहीये बाबा. समांतर जोडणी आहे. सहा ओहम आणि तीन ओहम. दोन्हींचा मिळून रोध काढायचाय."

"म्हणजे पॅरेलल. अगं, डाव्या हाताचा मळ!" तो खुर्ची ओढून बसलाच. "एक भागिले हा, अधिक एक भागिले तो. एक भागिले सहा अधिक एक भागिले तीन. किती झाले?"

"तीन भागिले सहा. म्हणजे अर्धा."

"झालं. उत्तर अर्धा ओहम. लिही."

मनीने पेन्सिल खाली ठेवली. "शेवटी ते उलटं करायचं ना? बाईंनी सांगितलंय. एक भागिले दोनचं उलटं दोन. पुस्तकात मागे उत्तरही दोनच दिलंय."

इथे दुसरा एखादा थांबला असता. पण मित्राने गाऊन घेतलेल्या त्या सूत्राची शेवटची ओळ इतक्या वर्षांत कुठेतरी गळून पडली होती, आणि आपलं गाणं अर्धंच आहे हे गाणाऱ्याला कळत नव्हतं.

"उलटंबिलटं काही नसतं," तो म्हणाला. "हे बघ, पॅरेललचं उत्तर नेहमी सगळ्यात लहान रोधापेक्षा लहान येतं. हा नियम पक्का. अर्धा हा तीनपेक्षा लहान आहे की नाही? मग झालं तर!"

"दोनसुद्धा तीनपेक्षा लहानच आहे, बाबा."

"पोरी, छापणारे काय, डुलक्या घेत छापतात. जन्म गेला माझा तारा जोडण्यात, आणि तू मला पुस्तक दाखवतेस?"

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "ऐक गं बाबांचं. घरात माणूस आहे म्हणून, नाहीतर लोक शिकवण्या लावतात."

मनीने एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग रबर घेऊन तिने शेवटची पायरी खोडली.

परीक्षा झाली. पेपर दाखवायचा दिवस आला. त्या दिवशी पालकांनी शाळेत यायचं, बाकावर मुलाशेजारी बसून पेपर बघायचे, शंका असेल तर शिक्षकांना विचारायची, असा तिथला रिवाज. एरवी बायको जायची, पण तिला औषधांच्या दुकानातून सुट्टी मिळेना, म्हणून काका गेला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. खिशात टेस्टर होताच.

विज्ञानाच्या पेपरात विजेच्या प्रश्नावर लाल फुल्यांची रांगच होती. एकाही समांतर जोडणीला गुण नव्हता. काकाचं डोकं तापलं. भाषेत कमी पडली असती तर तो हसला असता. पण विजेत? टेस्टरकाकाची मुलगी?

मनी हळूच म्हणाली, "बाबा, असू दे ना. घरी जाऊ."

"असू दे कशाला? अन्याय झाला की बोलायला शिक जरा!"

आणि तो उठला. विज्ञानाच्या बाई टेबलाशी एका दुसऱ्या पालकाशी बोलत होत्या. मधल्या वयाची, बारीक आवाजाची बाई. काकाने पेपर त्यांच्यापुढे ठेवला.

"बाई, राग मानू नका. पण ही उत्तरं बरोबर आहेत. मी स्वतः या लाइनीतला आहे."

बाईंनी पेपर पाहिला. "शेवटची पायरी राहिलीय हो. उलटं करायचं राहून गेलंय."

"तेच तर! उलटं करायचंच नसतं!" त्याचा आवाज चढला, तसे चारपाच पालक वळून बघू लागले. बघणारे जमले की काकाला चेव येई. "खडू द्या. करूनच दाखवतो."

बाईंनी खडू दिला. काकाने फळ्यावर ऐटीत आकृती काढली. बारा व्होल्टची बॅटरी, तिला दोन वाटा, एकीवर चार ओहम, दुसरीवर बारा. "एक भागिले चार, अधिक एक भागिले बारा. चार भागिले बारा, म्हणजे एक तृतीयांश. लहानात लहान रोध चार, त्याहून हा लहान. नियमात बसतो. आता सांगा, चूक कुठे?"

मागे कोणीतरी मान डोलावली. एक आजोबा म्हणाले, "बरोबर वाटतंय की."

बाई फळ्याजवळ आल्या. "छान आकृती काढलीत. एक विचारू? या चार ओहमच्या वाटेतून करंट किती जाईल?"

हे तर काकाचं रोजचं काम. "बारा व्होल्ट, चार ओहम. तीन अँपिअर."

"आणि दुसऱ्या वाटेतून?"

"एक अँपिअर."

"मग बॅटरीतून एकूण?"

"तीन आणि एक चार. दोन्ही वाटांचा करंट मिळूनच बॅटरीतून येणार, त्यात काय..."

"बारा व्होल्टला चार अँपिअर निघत असेल, तर पूर्ण जोडणीचा रोध किती?"

काकाने तोंड उघडलं. बारा भागिले चार. तीन. त्याने फळ्यावरच्या आपल्याच एक तृतीयांशाकडे पाहिलं. एक तृतीयांश रोध धरला तर करंट छत्तीस अँपिअर येत होता. छत्तीस! बॅटरीतून छत्तीस निघायचे आणि दोन वाटांतून चारच जायचे, मग बाकीचे काय हवेत उडाले?

खडू त्याच्या बोटांत तसाच राहिला. पाठीवर नजरा टोचत होत्या. पायाखालची फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर किती बरं, असं त्याला वाटलं, पण शाळेच्या फरशा भक्कम असतात.

तेवढ्यात मागून मनीचा आवाज आला. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारी मनी बाकावरून उठून मोठ्याने म्हणाली, "बाई, बाबांनी मला बरोबर शिकवलं होतं. शेवटी उलटं करायचं हेही सांगितलं होतं. मीच विसरले, आणि आता उलटं करत नाहीत असं मीच त्यांना सांगितलं."

ती बापाकडे बघत होती.

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. 'नाही बाई, ती खोटं बोलतेय, चूक माझी आहे,' एवढंच. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, आणि त्याला तर पोरीने अख्खी नावच देऊ केली होती. काका तिच्यात चढला. नुसता चढला नाही, पोरीलाच पाण्यात ढकलून चढला. खडू टेबलावर टाकून हसत म्हणाला, "बघा! तरीच म्हटलं! अगं, सांगतो तेव्हा लक्ष कुठे असतं तुझं? आता माझी फजिती करवलीस ना सगळ्यांसमोर?"

पालक हसले. आजोबा म्हणाले, "आजकालची मुलं अशीच, काय करणार." बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी काकाकडे पाहिलं, मग डस्टर घेऊन फळा पुसायला लागल्या.

घरी येताना दोघं रस्त्याच्या कडेने चालत होते. मनी दोन पावलं मागे. आइस्क्रीमच्या दुकानाशी येताच काका म्हणाला, "आइस्क्रीम खायचं?"

"नको."

"बरं, घरी नेऊ."

"नको म्हटलं ना, बाबा."

एवढंच बोलणं झालं.

गोष्ट तिथे मिटली असती तर कदाचित काकाने तीही पचवली असती. पण त्या वर्गात त्यांच्याच इमारतीतली एक शेजारीण होती. तिने दुसऱ्या दिवशी जिन्यात बायकोला गाठून सगळं सांगितलं. जेवायला बसल्यावर बायकोने मनीची हजेरी घेतली. "दिवसभर राबून हा माणूस तुझ्यापाशी बसतो, शिकवतो, आणि तुझं लक्ष नसतं? चारचौघांत बापाला मान खाली घालायला लावलीस! लाज कशी वाटत नाही गं तुला?"

मनी ताटातला घास चिवडत राहिली. तिने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. काकाला वाटलं, आता ती सांगेल. मग वाटलं, आता आपण सांगू. मग तो पाणी प्यायला. मग आणखी एक पेला प्यायला. "जाऊ दे गं," तो शेवटी पुटपुटला, "लहान आहे." आणि हे बोलताना आपलाच आवाज त्याला इतका ओशाळवाणा वाटला की तो ताटावरून उठलाच.

त्या आठवड्यात धुलाईवरचा एक हीटर बिघडला. पाणी तापवायच्या टाकीत तीन हीटर, तिन्ही समांतर जोडलेले, म्हणून एक गेला तरी बाकीचे दोन तापत राहिले होते. काकाने नवा हीटर बसवला आणि नेहमीसारखा चिमट्याचा मीटर काढला. तारेभोवती चिमटा धरला की आत किती करंट वाहतोय ते हा मीटर सांगतो. पहिल्या हीटरची तार, दुसऱ्याची, तिसऱ्याची. मग मुख्य तार. तिन्ही आकड्यांची बेरीज मुख्य तारेवर बरोबर हजर.

हे तो वर्षानुवर्षं बघत आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा हात थबकला. एक भागिले रोध, एक भागिले रोध, असं गात आपण बेरीज करतो, ती कशाची? रोधाची नव्हेच ती. एक व्होल्ट दिला तर या वाटेने किती करंट जाईल, तो एकेका वाटेचा वाटा. वाटे जमले की एकूण करंट आला. अडथळा, म्हणजे रोध, अजून यायचाच आहे. करंट जितका जास्त, अडथळा तितका कमी, म्हणून शेवटी उलटं करायचं. म्हणजे वाट वाढली की अडथळा घटतो, तो असा!

काका साबणाच्या रिकाम्या पिंपावर बसला. क्षणभर त्याला इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं. आणि कोणाला सांगावं म्हटल्यावर डोळ्यांपुढे एकच चेहरा आला. आनंद तिथेच विरला. हे त्याच्या हातात रोज होतं. पोरीने विचारलं तेव्हा घटकाभर विचार केला असता, निदान 'मला नक्की आठवत नाही गं' म्हटलं असतं, तरी पुरे होतं. अज्ञानाची लाज वाटते तशी ही नव्हती. न येण्याचं त्याला एवढं काही नव्हतं, शाळेतही येत नव्हतंच. पोरीच्या आड लपलो, याची ही लाज होती, आणि ती पाण्याने धुवून निघेना.

"काका, बरं नाही का?" इस्त्रीवरच्या बाईने विचारलं.

"बरंय. वाफेने घाम आलाय."

संध्याकाळी मनी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. काका चिमटे गोळा करायला गेला, म्हणजे निमित्त काढून गेला.

"मनी, चूक माझी होती."

"माहितेय."

"म्हणजे, शेवटची पायरी मलाच आठवत नव्हती."

"माहितेय, बाबा. मला तर आधीपासून येत होतं."

"मग परीक्षेत तसं का लिहिलंस?"

तिने टॉवेलची घडी घातली. "तुम्ही इतकं ठासून सांगितलं होतंत. मला वाटलं, तुमचं कसं चुकेल?"

काकाच्या हातातले चिमटे एकमेकांत अडकले. "आणि वर्गात तू का..."

"सगळे तुमच्याकडे बघत होते." ती थांबली. मग टॉवेलकडे बघतच म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही काहीच बोलणार नाही. पण तुम्ही मलाच ओरडलात."

तो चिमटे मोकळे करत बसला. ती कपड्यांचा ढीग उचलून आत गेली.

त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती एरवी तोंडाने फटकळ, पण हे ऐकून ती हातातलं काम ठेवून खाली बसली. "आणि मी तिला ताटावर बोलले," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसून ऐकलंत, अहो!" मग डोळे पुसून म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? मी माझं तिच्याशी बघते. तुम्ही जिथे बोललात तिथे जाऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून काका शाळेत गेला. विज्ञानाच्या बाई वर्गावर निघाल्या होत्या. व्हरांड्यातच त्याने त्यांना गाठून सांगितलं, अडखळत, पण सगळं.

"मला तिथेच कळलं होतं," बाई म्हणाल्या. "स्वतःला वाचवायला खोटं बोलणारी मुलं खाली बघतात. ही तुमच्याकडे बघत होती."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"बापाला मुलीदेखत अजून किती उघडं पाडायचं, असं वाटलं. चुकलंच माझं. ती विनाकारण बोलणी खाऊन गेली."

"मला वर्गात दोन मिनिटं द्याल?"

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तिला विचारलंत?"

त्याने विचारलं नव्हतं. पण एवढं बळ एकवटून आल्यावर परत जायचं त्याच्या जिवावर आलं. "चालेल तिला," तो म्हणाला. बाई क्षणभर घुटमळल्या, आणि त्यांनी दार उघडलं.

काका फळ्यापाशी उभा राहिला. या वेळी त्याने खडू घेतला नाही. म्हणाला, "त्या दिवशी मनी म्हणाली, ती विसरली. ती विसरली नव्हती. तिला बरोबर येत होतं, मीच तिला चुकीचं शिकवलं. आणि ती मला वाचवायला खोटं बोलली, तेव्हा मी गप्प बसायचं सोडून तिलाच बोललो. ही चूक गणिताहून मोठी होती. एवढंच सांगायचं होतं."

मग मागच्या बाकावरून एकाला हसू फुटलं, त्याचं बघून दुसऱ्याला. बाईंनी डोळे वटारले. काकाला त्या हसण्याचं काही वाटलं नाही, तेवढं तर तो देणं लागत होताच. पण मग त्याने मनीकडे पाहिलं. तिने डोकं जवळजवळ बाकाला टेकवलं होतं. दिसत होता तो एक कान, लालबुंद. आपण तिचं ओझं उतरवायला आलो असं तो समजत होता. तिला न विचारता येऊन आपण तिच्या डोक्यावर आणखी एक ठेवलं, हे त्याला तिथे उभ्या उभ्या उमगलं. शाळेपासून घरापर्यंत तो मान खाली घालूनच चालला.

मनी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर उशिरा आली. पायातले बूट काढताना म्हणाली, "बाबा, परत वर्गात येऊ नका हं."

"नाही येणार."

"आणि एक मुलगी म्हणाली, तिच्या वडिलांनी कधीच असं म्हटलं नसतं." एवढं बोलून ती हातपाय धुवायला गेली. हे चांगलं सांगितलं की वाईट, ते त्याला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

गुण काही वाढले नाहीत, वाढायचं कारणही नव्हतं. पुढच्या परीक्षेत तिने विजेचे सगळे प्रश्न सोडवले, तेही त्याला शेजारणीकडून कळलं. अभ्यासात अडलं तर ती आता बाईंना विचारी. काका वहीत डोकावत नसे. टेबलाजवळून जाताना पाय आपोआप हळू पडत, इतकंच. कारखान्यात कोणी म्हणालं, "काका, तुम्हाला सगळं येतं," की पूर्वी तो छाती काढायचा. आता म्हणे, "सगळं नाही हो, थोडंफार," आणि पेटी उघडून कामाला लागे. लोकांना वाटे, काका वयाबरोबर नम्र झाला.

एका संध्याकाळी तो दारातच होता, तोच आतून हाक आली. "बाबा, जरा हे बघता का?"

कितीतरी दिवसांनी ती हाक आली होती. काय विचारेल? आलं नाही तर नाही म्हणायचं, त्याने मनाशी घोकलं, सरळ नाही म्हणायचं. तो टेबलापाशी गेला.

वही मिटलेली होती. मनी टेबलावरच्या दिव्याकडे बोट दाखवत होती. "लागतोय, विझतोय. वाचता येत नाही."

काकाने प्लग काढला, खिशातल्या टेस्टरने स्क्रू सैल केले. आत एक तार सुटून लोंबत होती. त्याने तिचं टोक सोललं, पीळ दिला, नीट आवळलं. प्लग परत खोचला, तसा दिवा लागला आणि स्थिर राहिला.

"झालं," तो म्हणाला.

"थँक्यू, बाबा." तिने वही उघडली आणि लिहायला लागली.

तो दोन क्षण तिथे उभा राहिला. मग तारेचे सोललेले तुकडे टेबलावरून तळहातात गोळा करून स्वयंपाकघरात गेला.